बायकांच्या संस्थेची पुरुषांची बैठक

लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावी महिला पतसंस्थेत होते. नोकरी सोडली तेव्हा शाखाधिकारी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण सौदीत जेद्द्याला गेल्यावर ते सांगायची वेळ माझ्यावर कुणी आणलीच नाही. तिथं मी हिशेबनीसाची बायको होते. हे ज्यांच्याकडे नोकरीला होते, ते आमचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर आमचा तिथं राहण्याचा परवाना. शिलाई मशीन आणि त्यांचे सुटे भाग आयात करायचा त्यांचा धंदा होता. माणूस सज्जन, पगार वेळेवर. माझ्या स्वतःच्या परवान्यावर ‘सोबतची व्यक्ती, काम करण्यास मनाई’ असं छापलेलं होतं. सरकारनंच लिहून दिल्यावर वाद कशाला घालायचा म्हणून मी लेकीचा डबा, शाळेची बस आणि शेजारच्या इजिप्तच्या बाईकडून अरबी शिकणं, यांत दिवस काढत होते.

एका संध्याकाळी हे घरी आले ते फारच गोड चेहऱ्यानं.

“अगं, एक काम होतं. कफीलच्या घरी तीन दिवस बैठक आहे. अफगाणिस्तानात बायकांना लहान लहान कर्जं देणारी एक मायक्रोफायनान्स संस्था आहे, तिचं सगळं नेतृत्वमंडळ येतंय. त्यात एक बाई आहे. ती पुरुषांत बसणार नाही, आत बसेल. तिला सोबत हवी.”

“मग मी काय करायचं?”

“काही नाही. नुसतं बसायचं. तिला कंटाळा येऊ द्यायचा नाही.”

“बायकांना कर्ज देणाऱ्या संस्थेची बैठक, आणि पतसंस्थेत जन्म काढलेल्या बाईला तुम्ही कंटाळा घालवायला नेताय?”

“हो,” हे अगदी निरागसपणे म्हणाले. “आणि जमलं तर थोडे बटाटेवडे कर. कफीलना आवडतात.”

लेक अभ्यास करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “आई, व्हॉट इज मायक्रोफायनान्स?” मी सांगणार तेवढ्यात ह्यांनीच सांगायला सुरुवात केली, आणि चुकीचं सांगितलं. मी बटाटे उकडायला गेले.

ते नेतृत्वमंडळ कसं होतं ते आधी सांगायला हवं. सगळ्यांत वर मुख्य साहेब, युरोपातले. काबूलमध्ये उंच भिंतींच्या आत राहायचे. सुरक्षेच्या कारणामुळे त्यांना बाहेर पडायची परवानगी क्वचितच मिळे, त्यामुळे संस्थेच्या कर्जदार बायका त्यांनी बहुतेक फोटोतच पाहिलेल्या. अंगात खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट. ते जेद्द्याच्या एसी बंगल्यातही त्यांनी तीन दिवस उतरवलं नाही. दुसरे अर्थप्रमुख, बांगलादेशचे, कामाला वाघ, पण प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘आमच्याकडे’ अशी करणारे. तिसरा सल्लागार, स्त्रियांच्या प्रश्नांचा. ही जागा खरं तर एका बाईंची. पण त्या अविवाहित, बरोबर यायला भाऊ-वडील कुणी नाही, म्हणून व्हिसा मिळेना. तेव्हा स्त्रियांच्या सहभागावर बोलायला त्यांचा मदतनीस आला. नुकताच विद्यापीठातून बाहेर पडलेला, गोरापान, घाबरट मुलगा.

आणि चौथी ती बाई. प्रत्यक्ष कामाची प्रमुख. पूर्वी निर्वासित म्हणून पेशावरला राहिलेली, त्यामुळे उर्दू छान, इंग्रजीही उत्तम. कर्ज देण्यासाठी घरोघर फिरणाऱ्या सगळ्या मुली हिनंच शोधलेल्या, हिनंच तयार केलेल्या. तिकडे परका पुरुष उंबरा ओलांडू शकत नाही, त्यामुळे ही नसती तर संस्थेला एकही दार उघडलं नसतं. तिला उमऱ्याचा, म्हणजे मक्केच्या यात्रेचा, व्हिसा मिळाला तो नवरा बरोबर होता म्हणून. आता गंमत अशी, की व्हिसाच्या कागदावर मुख्य प्रवासी नवरा आणि ही त्याच्या सोबत. आमच्या ह्यांच्या ऑफिसनं त्या कागदावरून नावाच्या पाट्या छापल्या. तेव्हा बैठकीच्या टेबलावर पाटी लागली नवऱ्याची. तो बिचारा मुलांच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. संस्थेशी त्याचा संबंध इतकाच, की संध्याकाळी बायको उशिरा आली तर तो भात शिजवायचा.

अशा रीतीनं अफगाण बायकांच्या संस्थेचं नेतृत्व कफीलच्या घरी जमलं. पुरुषांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, मोठं टेबल, पडदा, प्रोजेक्टर, खजुरांची तबकं. मधे भिंत. भिंतीच्या पलीकडे बायकांची मजलिस. दोन्हींकडे एकेक स्पीकरचा फोन ठेवलेला. हे यंत्र ह्यांनी बाजारातून आणून स्वतः जोडलं होतं आणि त्यावर फार खूश होते. पुरुष बोलतील ते आत ऐकू येणार, बाईंना काही सांगायचं असेल तर त्या आतलं बटण दाबून सांगणार.

मी वड्यांचा डबा घेऊन आत शिरले तर बाई गालिच्यावर पाय लांब करून बसलेल्या. पन्नाशीच्या आसपास, केसांना मेंदीचा लाल रंग, नजर अशी की समोरच्यानं आपोआप पदर सारखा करावा.

“तू कोण?” त्यांनी उर्दूत विचारलं.

“हिशेबनीसांची बायको. तुम्हाला कंटाळा येऊ नये म्हणून मला बोलावलंय.”

“मला कंटाळा आलाय. घालव.”

मी डबा उघडला. एक वडा खाऊन त्या म्हणाल्या, “मीठ कमी आहे. पण चांगला आहे. मला बाजी म्हण.” म्हणजे ताई.

खोलीत आणखी एक जण होत्या. कफीलच्या आई. घरातले लहानमोठे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मीही तेच म्हणू लागले. कोपऱ्यातल्या लोडाला टेकून त्या कॉफी पीत होत्या. वाटायचं की डुलकी घेतायत, पण त्या सगळं ऐकत असायच्या. पाहुण्यांपैकी कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट ह्यांनी मला गाडीतच सांगितली होती. देणगी कफील देणार असं साहेब लोक धरून चालले होते. पैसा खालांचा होता. नवऱ्यामागं बलदमधली, म्हणजे जुन्या शहरातली, दुकानं त्यांच्या वाट्याला आली होती, आणि टीव्हीवर अफगाण विधवा पाहून हा पैसा तिकडे जाऊ दे असं त्यांच्या मनात आलं होतं. त्यांना फक्त अरबी येत होतं. बाजींना अरबी वाचता येई, बोलता येत नसे. तेव्हा कंटाळा घालवायला आलेली मी तासाभरात दुभाषी झाले.

बैठक सुरू झाली. साहेबांचा आवाज यंत्रातून आला, “या स्लाइडवर तुम्हाला दिसतच असेल...”

आम्हाला भिंत दिसत होती.

“कसली स्लाइड असेल?” मी बाजींना विचारलं.

“शेळी घेऊन हसणारी बाई. पहिली नेहमी तीच असते. ती बाई आमची कर्जदार नाही. शेळीसुद्धा नाही.”

खालांनी विचारलं, “तो मोठ्या आवाजाचा माणूस काय म्हणतोय?”

“म्हणतोय, बायकांना पुढं न्यायचंय.”

“कुठं?”

मी बाजींना विचारलं. बाजी म्हणाल्या, “ते तीन वर्षांनी ठरणार आहे, असं त्यांच्या आराखड्यात लिहिलंय.” मी तसंच सांगितलं. खालांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.

दुपारभर बाहेर एका गोष्टीवर खल चालला. व्याज चालणार नाही, हे कफीलनं स्पष्ट सांगितलं होतं. मग व्याजाला काय म्हणायचं? सेवाशुल्क म्हणावं का? सहभाग-निधी म्हणावं का? अर्थप्रमुख म्हणाले, आमच्याकडे याला अमुक म्हणतात. तरुण मुलगा म्हणाला, स्त्रियांना सन्मान वाटेल असं नाव हवं. मधूनमधून साहेब शेजारच्या पाटीकडे वळून विचारत, “आणि तुमचं मत, सर?” यावर मास्तरांचा नम्र आवाज येई, “व्हेरी गुड.” प्रत्येक नावाला व्हेरी गुड. बाजी डोक्याला हात लावायच्या.

“त्यांना इंग्रजी येतं ना?” मी विचारलं.

“भौतिकशास्त्राचं येतं.”

व्याजाचं नाव ठरेपर्यंत इकडे खाला बाजींना एकेक विचारत होत्या, आणि मी दोन्हीकडून शब्द वाहत होते. बायका काय करतात? रजया शिवतात, लोकर कातून विकतात, गालिचे विणतात, कुणी घरात दुकान मांडतात. नवरे पैसे काढून घेत नाहीत का? घेतात, मग गटातल्या बाकीच्या बायका त्याच्या दारात जाऊन बसतात. किती वेळ? तो लाजेपर्यंत. इथं खाला पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. बाजी सांगताना काही लपवत नव्हत्या. अमक्या गावात माझा अंदाज साफ चुकला, तमक्या मुलीला मी उगाच रागावले, असंही सांगायच्या. आणि मधेच मला टोकायच्या, “नीट सांग, तू छोटं करून सांगतेस.” माझ्या अरबीवर असा अविश्वास कुणी दाखवला नव्हता. राग आला. पण आमच्या पतसंस्थेतल्या अध्यक्षबाईही अशाच होत्या, आणि मला त्या अचानक फार आठवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर बाजींचं बोलणं ठेवलं होतं. त्यांनी रात्री तयारी केली होती. कपड्याची घडी नीट करून, घसा साफ करून यंत्रासमोर बसल्या. तेवढ्यात साहेबांचा आवाज आला, “त्याआधी आपण जरा बंद सत्र घेऊ या. फक्त नेतृत्वमंडळ.” बटण दाबल्याचा आवाज झाला. यंत्रावरचा दिवा मंद झाला.

आवाज मात्र येतच राहिला. कुठलं तरी भलतंच बटण दाबलं गेलं होतं. मला वाटलं, सांगावं की अहो, फोन चालू आहे. मी हात पुढं केला तर बाजींनी माझं मनगट धरलं.

“मी मोकळेपणानं बोलतो,” साहेब म्हणत होते. “संस्था आता मोठी झाली आहे. कामाच्या प्रमुखपदी व्यावसायिक माणूस हवा. ती उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण ती फारच तळातली आहे.”

“आमच्याकडे अशा वेळी सल्लागार करतात,” अर्थप्रमुख म्हणाले. “वरिष्ठ सल्लागार. पद मोठं, काम नाही.”

“पण त्यामुळं स्त्रियांच्या सहभागाचं चित्र...” तरुण मुलगा चाचरत म्हणाला.

“उलट. आपण तिला वर नेतोय.”

“मग ठीक आहे.”

“आणि आपण तिच्या पतीलाही विचारात घ्यायला हवं,” साहेब म्हणाले. “सर, तुमच्या पत्नींना वरिष्ठ सल्लागार केलं तर आपली काही हरकत?”

मला वाटलं, आता तरी मास्तर काहीतरी म्हणतील. खजुराची बी ताटलीत पडल्याचा आवाज आला.

“व्हेरी गुड,” मास्तर म्हणाले.

बाजींनी माझं मनगट सोडलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि परत लावला.

“काय म्हणतायत?” खालांनी विचारलं. त्यांचे डोळे पूर्ण उघडे होते.

भिंतीपलीकडे माझा नवरा टिपणं घेत बसला होता. ज्यांच्या घरात बसले होते त्यांच्या सहीवर आमचं घर, लेकीची शाळा, सगळं चाललं होतं. मी एखादं गोलमोल वाक्य जुळवायला लागले. बाहेरच्या दोन दिवसांच्या सहवासानं तशी वाक्यं मला आता जमायला लागली होती.

“बाजी, सांगू?” मी विचारलं.

“तुला कशाला बसवलंय इथं? सांग.”

मी सांगितलं, “खाला, ते म्हणतायत की हिला मोठी खुर्ची द्यायची आणि हिचं काम काढून घ्यायचं.”

“मग काम कोण करणार?”

“दुसरं कुणीतरी. पुरुष असेल बहुतेक.”

“तो बायकांच्या घरात शिरणार कसा?”

“त्यावर अजून चर्चा झालेली नाही.”

खालांनी कॉफीचा कप खाली ठेवला. यंत्र दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं, जड परात ओढावी तसं, बटण दाबलं आणि त्यात तोंड घालून ओरडल्या, “या वलद!”

म्हणजे, अरे पोरा.

पलीकडे काय झालं ते मला ह्यांनी नंतर सांगितलं. टेबलातून अचानक बाईचा आवाज उसळला तेव्हा साहेबांनी आधी वर छताकडे पाहिलं. अर्थप्रमुखांच्या हातातला चहा पायजम्यावर सांडला. आणि कफील, पांढऱ्या दाढीचा भारदस्त माणूस, शाळेत नाव पुकारल्यासारखा ताडकन उभा राहिला. “जी, आई.”

“पैसा माझा आहे की तुझा?”

“तुमचा, आई.”

“मग ज्या बाईला त्या बायका दार उघडतात, तिच्या हातात तो जाईल. नाहीतर कुठंच जाणार नाही. आणि इकडे चहा पाठव, गार पाठवलास.”

साहेबांनी ह्यांच्याकडे वळून विचारलं, “काय म्हणाल्या त्या?” आता नवराही दुभाषी झाला. ह्यांनी क्षणभर विचार केला आणि इंग्रजीत म्हणाले, “मातोश्रींनी एक सूचना केली आहे.” मग सूचना सांगितली. साहेबांचा चेहरा पडला असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. ती माणसं त्या पदावर उगाच पोचलेली नसतात.

“उत्तम!” ते म्हणाले. “आम्ही त्याच मुद्द्याकडे येत होतो. आत्ता फक्त इतर पर्याय तपासून बाजूला ठेवत होतो.”

संध्याकाळपर्यंत एक नवी स्लाइड तयार झाली. ‘स्त्रियांचं नेतृत्व, केंद्रस्थानी.’ आम्हाला अर्थातच ती दिसली नाही. मास्तर त्यावर व्हेरी गुड म्हणाले.

निघण्याआधी यंत्रातून त्या तरुण मुलाचा आवाज आला. बाकीचे बाहेर गेले असावेत. “मॅडम, ऐकताय का? मी मघाशी बोलायला हवं होतं.”

“हो,” बाजी म्हणाल्या. “हवं होतं.”

त्यानं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “उद्या तुमचं बोलणं मी पहिलं ठेवलंय. घड्याळ नाही लावणार.” आणि खरोखरच तिसऱ्या दिवशी बाजी सकाळभर बोलल्या.

दुसऱ्या दिवशीचा परतीचा प्रवास मात्र वाईट गेला. हे स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवत होते.

“तू भाषांतर करायला नको होतंस.”

“मला सोबतीला नेलं होतंत ना? मी सोबत केली.”

“सोबत! अगं, मी त्यांचा नोकर आहे. उद्या ‘खलास’ म्हणाले तर सामान बांधायचं आपण.”

तीच भीती मलाही होती. तिसऱ्या दिवशी बैठक संपल्यावर कफीलनं ह्यांना आत बोलावलं. कफील म्हणाले, “आई म्हणतेय, तुझ्या बायकोला गुरुवारी पाठव. तिच्याशी बोलायला बरं वाटतं. आणि ते फोनचं यंत्र ज्या दुकानातून आणलंस, तिथून पुन्हा काही आणू नकोस.” एवढंच. ह्यांनी घरी येऊन मला हे तीनदा सांगितलं, दर वेळी आधीपेक्षा मोकळं हसत.

बाजी आणि मास्तर उमरा करून परत जेद्द्याला आले, आणि विमानाच्या आधी बाजींना बलदमध्ये सोनं बघायचं होतं. मी बरोबर गेले. बाजी पुढं, मी त्यांच्या बाजूला, मागं पिशव्या घेऊन मास्तर. बाजी त्यांच्याशी गरजेपुरतंच बोलत होत्या. ते शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “बहन, तुम्हीच समजवा. मला ‘सीनियर’ शब्द ओळखीचा वाटला. शाळेत सीनियर होणं म्हणजे बढती. बायकोच्या बढतीला मी नको कसं म्हणणार?”

बाजींनी ऐकलं. “पोरांना शिकवतात, वर फेकलेली वस्तू खाली का येते,” त्या मला म्हणाल्या. “माझ्या बाबतीत तेवढं विसरले.” पण ओठाचा कोपरा हलला होता.

मग मगरिबची, म्हणजे दिवस मावळतानाची, बांग झाली. दुकानांची शटरं खाली आली, मास्तर मशिदीकडे गेले, आणि आम्ही दोघी एका जुन्या घराच्या लाकडी सज्जाखाली पायरीवर बसलो. मी काहीतरी गमतीचं बोलायला गेले, खाला कशा ओरडल्या वगैरे. बाजी हसल्या नाहीत. मी पाहिलं तर त्या रडत होत्या. आवाज नाही, नुसतं पाणी.

“मला त्यांचा राग नाही आला,” त्या म्हणाल्या. “साहेब येतात, साहेब जातात. पण त्या खोलीत इतकी माणसं होती, आणि एकाच्याही तोंडून हे आलं नाही की तिलाच विचारू या का. भिंतीपलीकडेच होते ना मी? चहाचं विचारायला माणूस तीनदा पाठवला त्यांनी.”

मी त्यांचा हात धरून बसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच त्यांच्यासाठी नव्हतं. शटरं वर गेली तशा त्या उठल्या, नाक पुसलं आणि पहिल्याच दुकानात एका कंगणावरून दुकानदाराशी असं काही भांडल्या की मास्तर घाबरून दारातच थांबले.

पैसा गेला, बाजींच्याच हाती. काही महिन्यांनी साहेबांना दुसऱ्या देशात, याहून मोठ्या संस्थेत, याहून मोठं पद मिळालं. जाताना त्यांनी भाषण केलं म्हणे, की स्त्रियांच्या हाती नेतृत्व सोपवून जाताना मला समाधान वाटतंय. त्या जागी बाजी आल्या. अर्थप्रमुख राहिले, आणि दोघांचं चांगलं जमलं. ‘आमच्याकडे’ ऐकू आलं की बाजी सरळ त्यांना थांबवायच्या, तेव्हा ते गप्प बसून काम करायचे. मी दर गुरुवारी खालांकडे जात राहिले. त्यांना बाजींचं इंग्रजी पत्र अरबीत वाचून दाखवायचं, मग कॉफी, मग त्यांच्या तरुणपणच्या गोष्टी. माझी अरबी इतकी सुधारली की शेजारची इजिप्तची बाई म्हणायला लागली, तू आता जेद्द्याच्या म्हातारीसारखी बोलतेस.

पुढं एकदा बाजी पुन्हा उमऱ्याला आल्या आणि आमच्याकडे जेवायला आल्या. हातात दोन मोबाइल. जेवताना एक वाजे, मग दुसरा. दोन्हींवर रागावून झालं की त्या माझ्याशी बोलत. मी विचारलं, कर्ज द्यायला घरोघर फिरणाऱ्या मुली कशा आहेत तुमच्या?

“मेहनती आहेत,” त्या पुरणपोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या. “पण त्यांना दूरदृष्टी नाही. मी त्यांच्यासाठी आराखडा केलाय, तीन वर्षांचा. फारच तळात अडकून असतात त्या.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. “बाजी, हे कोण बोलतंय?”

त्यांच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं, आता ताट सरकवून उठतात. मग एकदम इतक्या जोरात हसल्या की ठसका लागला, आणि मास्तरांनी धावत पाणी दिलं. “खुर्चीच तशी आहे गं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “बसलं की पाठ आपोआप मागं टेकते. तू तिथं हवीस, टोकायला. ये की! उत्तरेकडच्या शाखेला बाई हवी आहे. पत्रात लिहिलं होतंस ना, तू शाखा चालवलीस म्हणून? चल.”

ह्यांचा घास हातातच राहिला. लेक म्हणाली, “आई, विल यू गो?” मी नेहमीचं हसणं हसले, कुठं काय, तिथं कोण जातंय. मास्तरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “भात शिजवणं अवघड नाही, भाईसाब. मी शिकवतो.”

मी गेले नाही, हे उघड आहे. काही वर्षांनी आम्ही कायमचे परत आलो, आणि मी गावच्या पतसंस्थेत पुन्हा रुजू झाले, आधीपेक्षा खालच्या जागेवर. तिथल्या साहेबांबद्दल लिहायला बसले तर हेच पुन्हा लिहावं लागेल. पण बाजी जेवायला आल्या त्या संध्याकाळी पुरुष बाहेर बसले, आणि मी भांडी घासत होते, बाजी फडक्यानं पुसून ठेवत होत्या. कितीतरी वर्षांत मला कुणी ‘काम करशील का’ असं विचारलं नव्हतं. मी मान वर न करता, सहज विचारल्यासारखं विचारलं, “तिकडच्या बायका कुठली भाषा बोलतात?”

“दरी, म्हणजे आमची फारसी. काही उझबेक.”

“अवघड आहे?”

बाजी पुसता पुसता थांबल्या. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्यांनी हातातली वाटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “यक.” दुसरी ठेवली. “दू.” मी त्यांच्यामागून म्हणत गेले. सगळी भांडी पुसून होईपर्यंत आम्ही मोजत होतो, आणि माझा ‘चहार’ त्यांना शेवटपर्यंत पसंत पडला नाही.